दहानंतरचा बास

विजयनगरला, चौथ्या मजल्यावर, गच्चीत
आम्ही चौघं. खालच्या पाटीवर खडूनं लिहिलंय
लाइव्ह म्युझिक, आणि त्याच्याखाली
पनीर टिक्का, एकावर एक.
आमची नावं नाहीत. ठीक आहे.
टिक्क्यालाही कोणी आडनाव विचारत नाही.

हेमांगी गाते. दिवसा तिसरीच्या मुलांना
पर्यावरण शिकवते, म्हणून शुक्रवारपर्यंत
गळ्यात खरखर येते, आणि लोकांना वाटतं
ही तिची स्टाइल.
अल्फेज कखोन वाजवतो. कखोन म्हणजे खोकं,
त्याच्यावरच बसायचं, त्यालाच बडवायचं.
त्याचे वडील अजून दर ईदला विचारतात,
बेटा, तबला बेचा तो नहीं?
जोएल गिटार. रविवारी चर्चमध्ये फुकट,
बाकीचे दिवस हप्त्यांसाठी.

आणि मी बास. चार तारा.
आई एकदा आली होती ऐकायला.
परतताना रिक्षात म्हणाली, छान झालं रे.
थोड्या वेळानं, पलासियाच्या सिग्नलला:
पण त्यातलं तुझं कुठलं होतं?

काय सांगणार.
आपल्या पोह्यांत बडीशेप असते ना, ती मी.
नसली की कळतं.
(असं म्हणायला बरं वाटतं.
नसली तरी लोक खातात.)

फर्माइशी टिशूवर येतात.
कुछ धमाकेदार, टेबल सात, बर्थडे है.
एकदा आलं, शाई पसरलेल्या अक्षरांत:
भिया, पाँच मिनट रुक जाओ,
यहाँ रिश्ता टूट रिया है.
आम्ही थांबलो. कुठलं टेबल ते लिहिलं नव्हतं.
पाच मिनिटं नुसते काटे-चमचे,
आणि चौघंही एकेका चेहऱ्याकडे बघतोय,
हा असेल, ही असेल.
मग हेमांगीनं कुणाला न विचारता
अगदी खालच्या पट्टीत सुरू केलं.

दहा वाजले की खंडूजाजी काउंटरवरून
दिव्याचं बटण दोनदा दाबतात. म्हणजे स्पीकर बंद.
खाली पोलिसांची गाडी उभी असते, कधी नसते.
अल्फेजच्या खोक्याला काय फरक पडतो.
जोएल लाकडी गिटार काढतो.
हेमांगी माइक बाजूला ठेवते, चप्पल काढल्यासारखा.
माझा बास मात्र वीज गेली की पाट.
जेवायचा पाट, गळ्यात अडकवलेला.
पण पैसे साडेअकरापर्यंतचे ठरलेत,
म्हणून वाजवतो.

कोणाला ऐकू येत नाही. मला येतो.
बासच्या शिंगावर हनुवटी टेकवली
की जबड्यातून चढतो, दाढेत घुमतो.
खालची डावी दाढ काढा, असं डॉक्टर
दोन वर्षं सांगतायत. नाही काढली.
तिथं खर्ज फार चांगला लागतो.

थावरिया झाबुआकडचा. ग्लास उचलतो.
गावाकडे मांदळ वाजवायचा, म्हणतो,
इथं ट्रे वाजतो.
त्या रात्री टेबल अकरा पुसता पुसता
त्यानं माझ्या बासचं डोकं धरलं,
म्हैस वळवावी तसं,
आणि टेकवलं टेबलाच्या लाकडावर.
बजाओ.

टेबल बोललं.
ग्लासमधलं पाणी आधी थरथरलं,
मग मिठाची बाटली सरकली बोटभर,
मग बारा नंबरवरच्या काकूंनी
टेबलाखाली वाकून पाहिलं.
हेमांगीनं गाता गाता मान वळवली.
दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं
माझ्या सुरावर पाय टेकून वरची तान घेतली,
म्हणजे आधीही घेत असेल,
मला दिसलं त्या दिवशी.

थावरिया तोवर चौदाचं बिल घेऊन गेला होता.
साडेअकराला पाकीट: आठशे, आणि डाळ-भात.

टेबल अकरा नेहमी रिकामं नसतं.
परवा शनिवारी तिथं आठजण होते,
केक, फुगे, एक आजोबा झोपलेले.
दाढेवर भागवलं.